कमीपणा वाटणं आणि कमीपणा घेणं

'कमीपणा' हा शब्द मराठीत तीन क्रियापदांबरोबर येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ पार बदलतो. माणसाला कमीपणा वाटतो. माणसाला कोणीतरी कमीपणा आणतं. आणि माणूस कमीपणा घेतो. वाटण्यात तो स्वतःच्याच नजरेत उतरलेला असतो. आणण्यात त्याला दुसऱ्यानं खाली ओढलेलं असतं. घेण्याची गोष्टच वेगळी. दोन भावांमधलं बोलणं बंद झालेलं असतं, पहिला फोन कोणीच करत नसतो, आणि एक दिवस त्यातला एकजण म्हणतो, "जाऊ दे, मी घेतो कमीपणा." तो चुकलेला असतोच असं नाही. धाकटा असतो असंही नाही, कित्येकदा थोरलाच असतो. त्याला नातं हवं असतं आणि त्यासाठी एक पायरी उतरायची त्याची तयारी असते. उतरल्यानं आपण संपणार नाही, हे त्याला ठाऊक असतं.

उपदेशांतून, प्रार्थनांतून, घरातल्या बोलण्यातून ख्रिस्ती माणसाच्या कानावर 'नम्रता' हा शब्द सतत पडत असतो. आणि माझा अनुभव असा की तो वापरताना आपण या तीन क्रियापदांची सर्रास गल्लत करतो. स्वतःला कमी लेखणाऱ्याला आपण नम्र म्हणतो. मुकाट्यानं सहन करणाऱ्यालाही नम्र म्हणतो. बायबल जिच्याबद्दल बोलतं ती नम्रता मात्र तिसरी आहे, आपण होऊन घेतलेली. हा फरक कळला की बरंच काही उलगडतं, म्हणून तोच जरा सावकाश पाहू.

आधी शब्द. आपला 'नम्र' हा 'नम्' धातूपासून आला, म्हणजे वाकलेला. मराठी बायबलमध्ये त्याच्या जोडीला 'लीन' हा शब्द येतो. 'मी मनाचा सौम्य व लीन आहे' हे मत्तयाच्या 11व्या अध्यायातलं येशूचं वाक्य अनेकांना पाठ असेल. 'लीन' म्हणजे मुळात चिकटलेला, एखाद्या गोष्टीत विरून गेलेला. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात माणसाची नजर स्वतःवर नसतेच, ती ज्याच्यात तो लीन झाला त्याच्यावर असते. लॅटिनमध्ये नम्रतेला 'ह्युमिलितास' म्हणतात, आणि तो शब्द 'ह्युमुस' म्हणजे मातीपासून बनला आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीपासून माणूस घडवतो, तिथेही हिब्रू भाषेत हाच खेळ आहे: माती 'अदामा' आणि माणूस 'आदाम'. आपण मातीचे आहोत आणि त्या मातीत देवानं श्वास फुंकलेला आहे. यातला एक भाग विसरला की माणूस फुगतो आणि दुसरा विसरला की खचतो.

जुन्या करारात नम्र म्हणून खास नाव घेतलं जातं ते मोशेचं. गणना या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात म्हटलंय की पृथ्वीच्या पाठीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा तो नम्र होता. हे वाक्य कुठे आलंय ते पाहण्यासारखं आहे. मोशेची सख्खी भावंडं, मिर्याम आणि अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलतायत: देव काय फक्त याच्याशीच बोलला का? मोशे स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही काढत नाही. पुढे मिर्यामेला कोड फुटतं तेव्हा तिला बरं कर म्हणून देवाला आळवतो तो मोशेच. आणि फारोसमोर उभा राहून 'माझ्या लोकांना जाऊ दे' हा देवाचा निरोप ठणकावणारा माणूसही हाच. नम्र म्हणजे गरीब गाय, हे चित्र इथेच निकालात निघतं.

आता नव्या कराराच्या काळातलं जग. येशूचे शिष्य ज्या ग्रीक-रोमन जगात सुवार्ता घेऊन गेले तिथे नम्रता हा गुण समजला जात नव्हता. 'तापेइनोस' हा ग्रीक शब्द सखल जमिनीला, हलक्या कुळाला, लाचार स्वभावाला लावत. चांगल्या घरचा माणूस मान मिळवायचा, तो चारचौघांत मिरवायचा आणि जपायचा. सम्राट ऑगस्टस इ.स. 14 मध्ये वारला, त्याआधी त्यानं आपल्या कर्तृत्वाची यादी स्वतःच लिहून ठेवली होती: 35 परिच्छेद, बहुतेक सगळे 'मी'च्या भाषेत. मी इतक्या वेळा विजय साजरे केले, मी इतकी देवळं बांधली. ती यादी त्याच्या समाधीपुढे ब्राँझवर कोरली गेली आणि तिची दगडातली प्रत अंकारामध्ये अजून उभी आहे. त्या काळात यात कोणाला काही खटकलं नाही. थोर माणसानं आणखी काय करायचं असतं?

फिलिप्पै हे मासेदोनियातलं शहर याच मुशीतलं. इ.स.पूर्व 42 मध्ये तिथे रोमन यादवीतली मोठी लढाई झाली, आणि नंतर निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन तिथे रोमन वसाहत वसवली गेली. तिथल्या उत्खननात सापडलेल्या शिलालेखांत माणसांच्या नावांपुढे त्यांची पदं पायरीपायरीनं दिलेली दिसतात: आधी हे पद, मग ते, मग त्याहून वरचं. याच शहरातल्या छोट्याशा मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, प्रेषित पौल कैदेत असताना पत्र लिहितो. त्या मंडळीत एक दुखणं होतं. सुवार्तेसाठी पौलाच्या खांद्याला खांदा लावून झटलेल्या दोन स्त्रियांचं आपसात पटत नव्हतं, चौथ्या अध्यायात पौल त्यांना नावानिशी विनवतो. अशा ठिकाणी तो 'लीनतेनं एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना' असं लिहितो, आणि त्यासाठी शिव्यांच्या पंगतीत बसणाऱ्या त्या 'तापेइनोस'पासूनच बनलेला शब्द उचलतो.

पुढे तो येशूबद्दल जे सांगतो ती त्या शिलालेखांच्या नेमकी उलटी यादी आहे. तो देवाच्या स्वरूपाचा होता. त्यानं ते पद घट्ट धरून ठेवलं नाही. स्वतःला रिक्त केलं. दासाचं रूप घेतलं. माणूस झाला. मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला, आणि तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत. प्रत्येक पायरी खाली जाते. शेवटची पायरी तर नाव काढायची नाही अशी, कारण वधस्तंभ हा गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होता, रोमी नागरिकाला सहसा ती शिक्षा होत नसे. मानाच्या पायऱ्या मोजण्यात हयात गेलेल्या निवृत्त सैनिकांच्या शहरात हे पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर काय उमटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

या उताऱ्यातली क्रियापदं पुन्हा वाचा. रिक्त केलं, रूप घेतलं, लीन केलं. कोणी त्याला खाली ढकललं असं पौल म्हणत नाही. योहानाच्या 10व्या अध्यायात येशू आपल्या प्राणाबद्दल हेच सांगतो: तो माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. मी या लेखात जे म्हणू पाहते आहे ते या 'आपण होऊन'मध्ये आलं आहे.

गंगाळ आणि रुमाल

हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं ते योहानाच्या 13व्या अध्यायात. शेवटच्या भोजनाची रात्र. बाहेरून आलेल्या माणसाचे धुळीनं माखलेले पाय धुणं हे घरातल्या सगळ्यात खालच्या दासाचं काम. शिष्यांपैकी कोणीही उठलेलं नाही. त्याच रात्री, लूक सांगतो, आपल्यात मोठा कोण यावरून त्यांच्यात वाद झाला होता. येशू भोजनावरून उठतो, अंगावरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेकाचे पाय धुऊन त्याच रुमालानं पुसू लागतो. योहान किती सावकाश सांगतो ते पाहा. एरवी मोठमोठे प्रसंग दोन ओळींत उरकणारे शुभवर्तमानकार, इथे मात्र वस्त्र, रुमाल, पाणी, एकेक हालचाल.

पण या हालचालींच्या आधी एक वाक्य आहे, तिसऱ्या वचनात, आणि वाचताना आपण ते हमखास ओलांडून जातो. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होतं, आणि म्हणून तो उठला. रुमाल बांधायच्या आधी त्याला आपण कोण हे पक्कं माहीत आहे. तो कुठून आला आणि कुठे चालला आहे याबद्दल त्याच्या मनात तसूभर शंका नाही. अशाच माणसाचे हात मोकळे असतात. ज्याला आपली जागा जाईल अशी धास्ती असते त्याचे दोन्ही हात ती जागा धरून ठेवण्यात गुंतलेले असतात, तो रुमाल कोणत्या हातानं उचलणार?

म्हणून ख्रिस्ती नम्रतेची सुरुवात 'मी क्षुद्र आहे' इथून होत नाही असं मी मानते. ती 'मी देवाचा आहे, देवाची आहे, आणि हे कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही' इथून होते. पापाची जाणीव, अंगीकार, पश्चात्ताप या सगळ्याला तिथे जागा आहे. पण ते सगळं घडतं ते क्षमा मिळालेल्याच्या सुरक्षिततेत. बाहेर उभं राहून दार उघडेल की नाही या भीतीनं केलेली गयावया वेगळी, आणि घरात बसून 'चुकलं माझं' म्हणणं वेगळं.

त्या रात्री पाय धुतल्या गेलेल्यांत येशूला दगा देणारा शिष्य यहूदाही होता, हे सांगायला हवं. तो अजून खोलीतच होता, आणि तो काय करणार आहे हे येशूला माहीत होतं. पाण्यात त्याचेही पाय बुडाले, रुमालानं तेही पुसले गेले. यावर आणखी काही लिहायचं धाडस मला होत नाही.

पेत्र या शिष्याबद्दल मात्र लिहायचं आहे, कारण त्याच्यात मी स्वतःला पाहिलं. "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत," तो म्हणतो. वरवर पाहता किती नम्र वाक्य! येशूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. काही वर्षांपूर्वी माझा उजवा हात मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. कामाच्या ठिकाणी एका दुपारी माझ्या बुटाची नाडी सुटली. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी ते पाहून माझ्यासमोर खाली बसली. मी पाय मागे घेतला. "राहू दे गं, मी करीन नंतर." कसं करणार होते, एका डाव्या हातानं? तिनं काही न बोलता नाडी ओढली, दुहेरी गाठ मारली आणि वर पाहून विचारलं, "घट्ट नाही ना झाली?" माझे कान तापले होते. मंडळीत कोणी आजारी पडलं की डबा घेऊन पहिली धावणारी मी, आणि दोन मिनिटांची ती गाठ मला सोसवेना. त्या दिवशी मला कळलं की मदत करताना मी नेहमी वरच्या पायरीवर उभी असते आणि ती पायरी मला आवडते. घ्यायची वेळ आली की खरी परीक्षा. पेत्राला नेमकं हेच जड गेलं होतं.

खोटं बोलण्याचं नाव नम्रता नाही

आमच्या उपासनेत मी गाते. एका रविवारी उपासना संपल्यावर एक आजी जवळ आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आज फार सुंदर गायलीस." मी लगेच, "छे हो आजी, माझं काय त्यात, मला कुठे येतं..." त्यांनी हात सोडला नाही. म्हणाल्या, "बाळा, मी देवाचे आभार मानायला आले होते. तू मला वाद घालायला लावलंस." मग मी गप्प बसले आणि 'थँक्यू आजी' म्हणाले. तेवढंच पुरेसं होतं.

देवानं दिलेलं दान 'नाहीच' म्हणून सांगणं ही देणाऱ्याचीच नाचक्की आहे. पौल करिंथकरांना लिहिताना हे फार नेमकं बोलतो. मी प्रेषितांमध्ये कनिष्ठ, कारण मी देवाच्या मंडळीचा छळ केला. तरी मी जो आहे तो देवाच्या कृपेनं आहे. आणि पुढे, जराही न कचरता, मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, मात्र ते मी केले असं नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या कृपेनं केले. एका दमात तो आपलं पाप सांगतो, आपलं काम सांगतो आणि दोन्हींचा हिशेब कृपेच्या खात्यावर टाकतो. ना काही लपवलं, ना काही फुगवलं. त्याच पत्रात आधी त्यानं एक प्रश्न विचारला आहे: जे तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? एकेका गोष्टीला तो प्रश्न विचारून पाहा. आवाज, बुद्धी, तब्येत, शिकण्याची संधी, विश्वाससुद्धा.

स्पेनमधली संत तेरेसा 16व्या शतकात म्हणून गेली की नम्रता म्हणजे सत्यात चालणं. देवाला नम्रता इतकी प्रिय का, असा तिला प्रश्न पडला होता आणि हे उत्तर सुचलं: देव सत्य आहे म्हणून. त्याआधी तीनशे वर्षांपूर्वी थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञानं नम्रतेची जोडी मनाच्या मोठेपणाशी लावून दिली होती. नम्रता माणसाला आवाक्याबाहेर झेपावण्यापासून आवरते, आणि मनाचा मोठेपणा त्याला हात-पाय गाळण्यापासून वाचवतो. दोन्ही एकाच माणसात हवेत. मोठं काम अंगावर येतं तेव्हा 'मी कोण बापडा' म्हणून मागे सरणारा माणूस नम्रच असतो असं नाही, घाबरलेलाही असू शकतो. मीखा 6:8 मध्येही नीतीनं वागणं, दया करणं आणि देवासमोर नम्रपणे चालणं ही तिन्ही एकाच वाक्यात येतात. चालणं, म्हणजे कामाला लागणं.

नजर कुठे आहे

नम्रतेत एक अवघड वळण आहे. ती आपल्यात आहे असं वाटू लागलं की ती निसटते. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1521 मध्ये येशूची आई मरिया हिच्या स्तोत्रावर लिहिताना हे फार मार्मिकपणे मांडलं. लूकच्या पहिल्या अध्यायात मरिया म्हणते की देवानं आपल्या दासीच्या दैन्यावस्थेकडे पाहिलं. ल्यूथरचं म्हणणं, ती आपल्या नम्रतेची फुशारकी मारत नाहीये, ती आपली साधी, नगण्य परिस्थिती सांगतेय, आणि तिचा सगळा भर 'पाहिलं' या शब्दावर आहे. खऱ्या नम्रतेला आपण नम्र आहोत हे कधी कळतच नाही, असं तो लिहितो.

लूक 18 मधल्या परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोकांच्या लेखी पापी) यांच्या दाखल्यात हेच वळण आहे. परुशी खोटं बोलतोय असं येशू कुठेही म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दशांश, हे सगळं तो करतच असणार. शिवाय त्याची प्रार्थना आभारानं सुरू होते! बिघडतं कुठे? 'या जकातदारासारखा मी नाही' म्हणताना त्याची नजर बाजूला वळते तिथे. देवाशी बोलता बोलता तो शेजारी उभ्या माणसाला मोजू लागतो. जकातदार मात्र दूर उभा आहे, वरही पाहत नाही, बाजूलाही पाहत नाही, छाती बडवून एवढंच म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' तो परुश्यासारखा नाही याचंही त्याला भान नाही. 12व्या शतकातला मठाधिपती बर्नार्ड गर्वाच्या 12 पायऱ्या मोजतो आणि पहिली पायरी कोणती सांगतो, तर कुतूहल: भिरभिरणारे डोळे, दुसऱ्यांकडे पाहत राहायची सवय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते क्षुल्लक वाटलं होतं. मग एक दिवस फोन हातात घेऊन दुसऱ्यांचे फोटो, दुसऱ्यांची यशं, दुसऱ्यांची सेवाकार्यं पाहत अर्धा तास गेला आणि शेवटी मनात कुढणं उरलं, तेव्हा बर्नार्ड आठवला. कमीपणा वाटणं आणि मोठेपणा वाटणं दोन्ही याच नजरेची लेकरं आहेत. न्यूनगंडात माणूस स्वतःबद्दल कमी विचार करत नाही, दिवसभर स्वतःबद्दलच विचार करतो.

बिशप संत ऑगस्टीनच्या एका पत्राची आठवण इथे होते. साधारण इ.स. 410 च्या सुमारास दियोस्कोरस नावाच्या एका तरुणानं त्याच्याकडे तत्त्वज्ञानातले ढीगभर प्रश्न पाठवले. कारण काय, तर लोकांनी विचारलं आणि आपल्याला उत्तर आलं नाही तर आपण अडाणी ठरू. ऑगस्टीन, जो एकेकाळी स्वतः वक्तृत्वाचा शिक्षक होता, त्याला सांगतो: सत्याकडे जायच्या वाटेवर पहिली गोष्ट नम्रता, दुसरी नम्रता, तिसरीही नम्रता, आणि तू विचारशील तितक्या वेळा मी हेच सांगेन. 'मला माहीत नाही' हे म्हणता येणं ही केवढी मोठी सुटका आहे, हे तो त्या मुलाला सांगत होता.

जी मागता येत नाही

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा हात जड होतो, पण ते टाळून नम्रतेबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

एक बाई होती, नवऱ्याचा मार खाणारी. ती आधार मागायला ज्यांच्याकडे गेली त्यांनी तिला बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातली वचनं वाचून दाखवली आणि 'नम्र हो, देव पाहून घेईल' म्हणून परत पाठवलं. नंतर ती माझ्या शेजारी बसली होती, हातावरचा डाग ओढणीनं झाकत, आणि मला विचारत होती, "मी अजून किती नम्र व्हायला हवं?" मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. आज देता येतं.

ते तिच्याकडून जे मागत होते ती नम्रता नव्हतीच. तो आणलेला कमीपणा होता, त्यावर वचनाचं पांघरूण घातलेलं. नम्रता ही फक्त स्वतःकडून मागता येते, आणि वर उभ्या असलेल्यानं खाली असलेल्याकडून तर ती कधीच मागू नये. फिलिप्पैकरांच्या पत्रात जो उतरतो तो सगळ्यात वरचा आहे. योहान 13 मध्ये रुमाल बांधतो तो गुरू आणि प्रभू आहे. मार्क 10 मध्ये याकोब आणि योहान उजव्या-डाव्या बाजूची आसनं मागतात तेव्हा येशू म्हणतो की राष्ट्रांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. सूचना मोठं होऊ पाहणाऱ्याला आहे.

आणि ज्या पौलानं फिलिप्पैला नम्रतेचं ते पत्र लिहिलं, त्याच पौलाला त्याच शहरात आधी काय झालं होतं? प्रेषितांच्या कृत्यांच्या 16व्या अध्यायात आहे. त्याला आणि सीलाला चौकशीविना चारचौघांत फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, त्यांना गुपचूप सोडून द्या. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले, त्यांची मनधरणी केली. येशूनंही महायाजकापुढे चपराक बसल्यावर विचारलं होतं: मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, चांगलं बोललो तर का मारतोस? अन्यायाला अन्याय म्हणणं नम्रतेत बसतं. जिवाला धोका असेल तिथून निघून जाणं, कायद्याची मदत घेणं, हेही बसतं.

बायबलला खोट्या नम्रतेची चांगली ओळख आहे. कलस्सैकरांच्या पत्रात पौल तोच ग्रीक शब्द स्वतःच्या देहाला पीडा देणाऱ्या, देखाव्याच्या नम्रतेलाही वापरतो आणि सांगतो की तिचा काही उपयोग नाही. 1887 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेनं आरोप केला की ख्रिस्ती लोक दुबळेपणालाच सद्गुण म्हणतात. 1960 मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीनं वेगळ्या बाजूनं विचारलं: पाप म्हणजे गर्व, असं पुरुष धर्मशास्त्रज्ञ सांगत आले, पण ज्या स्त्रिया दुसऱ्यांसाठी झिजता झिजता स्वतःचं अस्तित्वच हरवून बसतात त्यांचा मोह वेगळा असतो, त्याचं काय? नीत्शेशी माझं पटत नाही, कारण वधस्तंभाकडे चालत गेलेला माणूस दुबळा नव्हता. पण या दोघांनी बोट ठेवलं ती जखम खरी आहे, आणि ती आपण केलेली आहे.

ती येते कुठून

संत बेनेडिक्टनं 6व्या शतकात मठासाठी लिहिलेल्या नियमांत नम्रतेची 12 पायऱ्यांची शिडी दिली आहे. त्यातल्या काही पायऱ्या आज कोणाला अंगीकारायला सांगाव्यात असं मला वाटत नाही, वर सांगितलेल्या कारणांमुळेच. पण त्याच नियमांत तिसऱ्या प्रकरणात एक साधी गोष्ट आहे जी मी कधी विसरत नाही. मठात महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण जे उत्तम ते देव पुष्कळदा सगळ्यात लहानाला दाखवतो. प्रत्येक बैठकीत, प्रत्येक घरात हे करून पाहता येतं.

बाकी सवयी लहानच आहेत. 'माझं चुकलं' म्हटल्यावर 'पण' न म्हणणं. कोणी चूक दाखवली तर उत्तर द्यायच्या आधी एक रात्र थांबणं. ज्याचं आपल्याहून चांगलं चाललंय त्याचं नाव घेऊन प्रार्थना करणं, हे मला सगळ्यात अवघड जातं. मत्तय 6 मध्ये येशू म्हणतो तसं एखादं काम असं करणं की डाव्या हातालाही कळू नये. यांतली कोणतीही गोष्ट नम्रता आणत नाही, पण तिच्या वाटेत आपणच टाकलेले दगड उचलतात.

आणि पहिल्या पेत्राच्या पाचव्या अध्यायात एक वाक्य आहे. ज्यानं 'माझे पाय कधीही नाही' म्हटलं होतं त्याच्या नावाचं हे पत्र. सगळे जण एकमेकांच्या सेवेसाठी नम्रता कमरेला बांधा, असं तिथे म्हटलंय, आणि त्यासाठी गाठ मारून कामाचं वस्त्र बांधणं असा अर्थ असलेलं ग्रीक क्रियापद वापरलंय. ते वाचताना मला तो रुमाल दिसतो, आणि माझ्या बुटाची ती दुहेरी गाठही. पुढे लगेच: देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा, आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. मराठीत वाचताना या दोन वेगळ्या आज्ञा वाटतात. ग्रीकमध्ये ते एकच वाक्य आहे: लीन व्हा, चिंता त्याच्यावर टाकत. चिंता टाकणं हीच लीन होण्याची रीत. सगळं मलाच सांभाळायचंय, मी नसेन तर कोलमडेल, हे ओझं म्हणजे गर्वच आहे, थकलेल्या माणसाच्या वेषात आलेला.

मी रात्री दिवा मालवायच्या आधी त्या दिवसाच्या चिंता एकेक नाव घेऊन देवासमोर ठेवते. आईची तब्येत. न मिटलेलं एक भांडण. त्या बाईचं नावही असतं, आता ती वेगळी राहते. मग दिवा बंद करते आणि झोपते, आणि रात्रभर जग माझ्याशिवाय चालतं.